पंगतीतला गुप्तहेर

महानंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरी गच्चीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोनवर नाव दिसलं आणि मी तो लगेच उचलला नाही, हे आधीच कबूल करून टाकते. त्या घराशी माझं बोलणं बंद होऊन बारा वर्षं होत आली होती. नंबर मात्र मी कधी काढून टाकला नव्हता... का, ते मलाही सांगता येणार नाही. रिंग बंद व्हायच्या बेतात होती तेव्हा उचलला. "ताई, अप्पा गेले ओ," वहिनी म्हणाल्या. "सकाळी पूजेला बसले ते उठलेच न्हाईत. चार वाजता माती हाय. तुम्ही या न्हाईतर नका येऊ, पण तुम्हाला कळवायचं असं त्यांनी मला लई दिवसांपासून सांगून ठेवलं होतं." मी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं आणि अर्ध्या तासात लातूरच्या बसमध्ये बसले. अहमदपूरला बस चहासाठी थांबली तेव्हा लक्षात आलं, की पायात घरातलीच चप्पल आहे आणि नखांत शेंगांचा हिरवा मळ तसाच आहे.

मन्मथअप्पा म्हणजे लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीतले फोटोग्राफर. पासपोर्टचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो आणि लग्नाची व्हिडिओ शूटिंग हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. ज्याच्यासाठी ते जगले तो उद्योग मात्र वेगळाच होता : एका जुन्या मराठी गुप्तहेराला घेऊन त्यांनी चार पिक्चर काढले. मी घरी पोचले तेव्हा त्यांच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे अप्पांना बसवलेलं होतं. कपाळभर भस्म, गळ्यात हार, पाठ भिंतीला, मान ताठ. हा माणूस आयुष्यभर समोरच्याला "बसा सरळ, मान वर, हं... हलू नका" म्हणत आला आणि आज स्वतः तसा बसला होता. मला आधी हसू आलं. मग रडू आलं, ते बराच वेळ थांबलं नाही. वहिनींनी माझा हात धरून ठेवला. मी आल्याचं तिथं कुणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

तो गुप्तहेर म्हणजे त्र्यंबकराव बर्वे. काळा कोट, चांदीच्या मुठीची काठी, तपकिरीची डबी, राहायला पुण्याच्या पेठेत. माणूस दारातून आत आला की त्याच्या जोड्यावरचा चिखल बघून तो कुठून आला, कशाला आला आणि काय लपवतोय हे बर्वे सांगणार. पुस्तकाच्या शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बसवायचं, तपकीर ओढायची आणि एकाकडे काठी रोखायची, हे ठरलेलं. आमच्या लहानपणी ही पुस्तकं लातूरच्या वाचनालयातून इतक्या हातांत फिरायची, की जवळजवळ प्रत्येकाची शेवटची पानं सुटून गेलेली असायची. ग्रंथपालांना विचारलं तर ते म्हणायचे, "नवी प्रत येणार आहे." ती कधीही आली नाही. मन्मथअप्पांनी सगळा बर्वे वाचला तो असा, शेवटाविना. मग हा गडी शेवट स्वतःच रचायचा, मित्रांना सांगायचा, आणि पुढे पुढे आपण रचलेला शेवट कुठला आणि छापलेला कुठला हेच विसरून गेला. मोठेपणी कुणीतरी त्यांना एका पुस्तकाची अख्खी प्रत दाखवली तर अप्पा खरोखर रागावले. "ह्ये चूक हाय," म्हणाले. "त्या बाईनं खून केलाच न्हाई." लेखकापेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे, याची त्यांना शंभर टक्के खात्री होती.

पहिला पिक्चर त्यांनी काढला तेव्हा मी कॉलेजात होते. होमिओपॅथीच्या एका डॉक्टरांना काळा कोट घातला, काठी दिली आणि भर एप्रिलात औसा रस्त्यावर चालवलं. डॉक्टरांच्या मिशीचा डिंक घामानं विरघळला आणि खुनाचा उलगडा करताना अर्धी मिशी हनुवटीवर आली. मंगल कार्यालयात पिक्चर दाखवला तेव्हा लोक पोट धरून हसले. अप्पांना वाईट वाटलं नाही. ते विचारात पडले. पुढे कितीदा तरी त्यांनी मला तो विचार सांगितला : "ताई, त्या माणसाला हितं जगताच यायचं न्हाई. त्याला दिवाणखाना लागतो. आपल्यात दिवाणखाने कितीजणांचे? आपल्यात सगळी माणसं एका जागी कधी बसतात, तर पंगतीला."

आणि मग बर्वे पंगतीत आला. माझ्या लग्नानंतर लगेच काढलेल्या दुसऱ्या पिक्चरमध्ये अप्पांनी त्याचा कोट काढला, काठी काढली, तपकीर काढली आणि खांद्यावर पंचा टाकून हातात आमटीची बादली दिली. गुप्तहेर वाढपी झाला. तो लग्नाच्या पंगतीत वाढत फिरतो, वाकून प्रत्येकाच्या पानाकडे नाही तर तोंडाकडे बघतो. कोण घास गिळत नाही, कोण नको असताना मागून घेतो, कोणाला जिलेबी गोड लागत नाही, एवढ्यावरून त्याला सगळं कळतं. अख्ख्या पिक्चरमध्ये या बर्व्याला एकच वाक्य होतं. प्रत्येक संशयितासमोर वाकून तो विचारतो, "जेवलात का?" काहीजण हो म्हणतात, काहीजण नाही, आणि एकजण उत्तरच देत नाही. शूटिंगला अन्न खरं लागायचं, हा अप्पांचा हट्ट. खोट्या पानावर खरं तोंड दिसत नाही म्हणायचे. त्यामुळे सीन एकदाच घेता यायचा, कारण दुसऱ्या वेळी सगळे तुडुंब झालेले आणि खुनी ढेकर देतोय.

नांदेडच्या एका वाचक मंडळानं तो पिक्चर मुद्दाम बोलावून घेतला आणि बघून झाल्यावर एक निवृत्त प्राध्यापक उभे राहिले. "हा बर्वे नव्हे, हा आचारी आहे," ते म्हणाले. "आपण एका अभिजात व्यक्तिरेखेची हत्या केली आहे." अप्पा हात जोडून शांतपणे म्हणाले, "सर, पुस्तकातला बर्वे पुस्तकातच हाय की. मी कुठं त्याला तिथून उठवला?" मी तेव्हा नांदेडला नवी नवी नांदायला आले होते, मागच्या खुर्चीत बसले होते, आणि मला वाटलं, हा माणूस वेडा आहे पण बरोबर आहे. पुस्तकातल्या बर्व्याच्या लेखी समोरचा माणूस म्हणजे पुरावा. अप्पांच्या बर्व्याला आधी त्याच्या पोटाची काळजी. चाळीसएक पुस्तकांत बर्व्याला जे कधी सुचलं नाही ते लातूरच्या एका फोटोग्राफरला सुचलं होतं. कुठून सुचलं, हे मात्र मला कळायला फार वर्षं जायची होती.

इथे माझ्या वडिलांविषयी सांगायला हवं, कारण ते मध्ये आल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. आम्ही त्यांना दादा म्हणायचो, आणि सगळं गाव 'पोस्टातले दादा' म्हणायचं. पोस्टात चिठ्ठ्या वेगळ्या करण्याचं काम करायचे. लग्न कुणाचंही असो, बोलावणं असो की नसो, दादा खांद्यावर निळ्या रेघांचा पंचा टाकून हजर. कधी मांडवात बसले नाहीत की आहेराला उभे राहिले नाहीत. थेट भटारखान्यात जायचे, वगराळं हातात घ्यायचे आणि पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत वाढायचे. डावा हात पाठीमागे, कमरेत वाकून, उजव्या हातानं वाढणं. स्वतः जेवायचे ते सगळ्यात शेवटी, आचाऱ्यांबरोबर. माझ्या लग्नातही, म्हणजे स्वतःच्या मुलीच्या लग्नातही, त्यांनी तेच केलं. आईनं दोनदा माणूस पाठवला तेव्हा कन्यादानाला आले, आणि ते होताच परत आत गेले. माझ्या लग्नाची शूटिंग अर्थात मन्मथअप्पांनीच केली होती. गाणी घालून, फुलांची नक्षी करून जी कॅसेट त्यांनी आम्हाला दिली तिच्यात सगळे व्याही होते, मावश्या होत्या, दोन नगरसेवक होते. कन्यादानात नुसते पाणी सोडणारे हात होते, आणि बाकी दादांची पाठ दिसत होती, एकदा, तीही सनईवाल्याच्या मागून. मी तक्रार केली तर अप्पा म्हणाले, "मास्टरमंदी लई हायत तुमचे दादा. कॅसेटमध्ये नवरानवरी दाखवायची असती म्हणून कापावं लागलं. मास्टर माझ्यापाशीच राहतो, कवाबी या." मास्टर म्हणजे शूटिंगची मूळ कॅसेट. ती स्टुडिओतच राहायची.

तिसऱ्या पिक्चरला अप्पांनी बर्व्याची बाई केली आणि ती बाई मी होते. मला हे सुचवलं दादांनीच. दिवाळीला मी माहेरी आले होते, अप्पा फराळाला आले होते आणि बर्व्यासाठी बाई मिळत नाही म्हणून कुरकुरत होते. दादा म्हणाले, "ही हाय की. वर्गात साठ पोरी नुसत्या नजरेनं गप करती." मी भूगोलाची मास्तरीण, नाटकात कधी झाडसुद्धा झाले नव्हते. पण त्या दोन दिवसांइतका आनंद मला नंतर फार थोड्या गोष्टींत झाला. गोष्ट अशी, की लग्नघरातून पाटल्या हरवतात. बर्वेबाईंना पंगतीत कळतं, की पाटल्या नवऱ्याच्या आत्यानं उचलल्यात. आणि त्या काय करतात? वाकून आत्याच्या पानात जिलेबी वाढतात, "जेवलात का?" विचारतात आणि हळूच सांगतात, की मागच्या खोलीत फराळाचा डबा उघडाच आहे. थोड्या वेळानं पाटल्या डब्यात सापडतात. चोर कोण, हे कुणालाच कळत नाही. दिवाणखाना नाही, रोखलेली काठी नाही. बर्व्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाची तरी अब्रू राखली. मंगल कार्यालयात लोक ओरडले, "चोराचं नाव सांगा की!" अप्पा दारात उभे राहून खूश होऊन हसत होते. शूटिंगच्या वेळी मला वाढायला नीट जमत नव्हतं, तर दादा कॅमेऱ्याच्या मागं उभे राहून शिकवत होते. डावा हात मागे घे, कमरेतून वाक. मी म्हटलं, "दादा, तुम्हीही या ना समोर." ते म्हणाले, "पुढं तू ये. मला इकडून बघू दे."

दोन वर्षांनी दादा गेले. आजारपण काही नाही, दुपारी झोपले आणि संपले. घरात त्यांचा एकच फोटो निघाला, पोस्टाच्या ओळखपत्राचा, त्यात ते कुणीतरी दम दिल्यासारखे बसलेत. हलणारे, वाकणारे, लोकांना आग्रह करणारे माझे दादा कुठेच नव्हते. मला मास्टर आठवला. महिन्याभरानं लातूरला गेले ती सरळ स्टुडिओत. अप्पांनी मला बघितलं आणि मी काही बोलायच्या आधीच म्हणाले, "मास्टर ना? बसा, बसा." अप्पा कॅसेटींवर नेहमी पेन्सिलीनं नाव लिहायचे, खोडता यावं म्हणून. वर्षभरात कुणी मास्टर मागायला आलं नाही तर नाव खोडून त्याच कॅसेटवर दुसरी शूटिंग, अशी सगळ्याच स्टुडिओंची पद्धत होती. ते फळीवर हात फिरवत गेले, हसत, दादांच्या गमती सांगत. एक कॅसेट उजेडात तिरपी धरली, खोडलेल्या पेन्सिलीचा ठसा बघितला, आणि त्यांचं हसू थांबलं. तरी त्यांनी ती लावली. पडद्यावर मी आले. बर्वेबाईच्या वेशात, हातात बादली घेऊन, आत्याच्या पानाशी वाकलेली. अप्पांनी पुढे सरकवलं, मागे आणलं, पुन्हा पुढे. सगळीकडे मी.

"ताई," ते म्हणाले, "त्या टायमाला कॅसेट कमी पडली ओ... मी नाव न बघताच खोडलं. दादा तर माझ्या बाजूलाच हुभे होते, मला वाटलं..." काय वाटलं ते मला आज समजतं. दादा शेजारी उभे असताना दादा पुसले जातायत असं कुणाला वाटेल? पण त्या दिवशी मला तसं समजून घेता आलं नाही. मी म्हटलं, "माझ्या बापाला तुम्ही माझ्याच तोंडानं पुसलंत." वाक्य लागेल असंच म्हटलं होतं, आणि ते लागलं. मग मी उठून आले आणि पुन्हा त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. पडद्यावर मी चोर आत्याला वाट करून दिली होती. ज्यानं चोरी केलीच नव्हती, नुसती चूक केली होती, त्याला मात्र मी बारा वर्षं दारात उभं केलं नाही. दिवाळीला ते घरी येऊन गेले, मी आतल्या खोलीत बसून राहिले. दोनदा पत्र आलं. मी उघडलं नाही. मी स्वभावानं रागीट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. पण राग जुना झाला की त्याची सवय होते, आणि ती सोडायला लाज वाटते, हे कुणी सांगत नाही.

शेवटची भेट दोन वर्षांपूर्वीची, रेणापूरच्या एका लग्नातली. आता पंगती उठत नाहीत, लोक ताटं हातात घेऊन उभ्यानं जेवतात, आणि डोक्यावर ड्रोन भुणभुणत असतो. अप्पा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, गुडघे गेले होते. मला बघून काठीच्या आधारानं उठले आणि जवळ आले. "ताई, बर्व्याचा चौथा पिक्चर झाला बगा. ह्याच्यात बर्वे दिसतच न्हाई. ऐतवारी दुपारी स्टुडिओतच दाखवलालोय. तुम्ही आलाव तर..." मी म्हटलं, "तुमचे पिक्चर मी बघितलेत अप्पा. आता पुरे झाले." माझा आवाज शाळेतला होता. त्यांनी मान हलवली. "बरं," म्हणाले. "ताट घ्या तुम्ही, गर्दी व्हायलीय." त्या रविवारी मी नांदेडला कपाट आवरलं. आवरायला त्यात काही नव्हतं.

माती झाल्यावर वीसेक दिवसांनी वहिनींनी मला परत बोलावलं. स्टुडिओ बंदच होता. त्यांनी शटर अर्धं वर केलं, दोघी वाकून आत गेलो. जुना टीव्ही, एकावर एक दोन व्हीसीआर, आणि समोर दोन लाकडी खुर्च्या. "त्या ऐतवारी ह्याच मांडल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "एक तुमची, एक त्यांची. सांजेपर्यंत बसले. मग बंद करून ठेवलं. कुणालाच न्हाई दाखवला. मला म्हणले, ताई पहिल्या."

बसता बसता त्यांनी जे सांगितलं ते असं. मी निघून आले त्याच महिन्यापासून अप्पांनी लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या लग्नाच्या कॅसेटी मागायला सुरुवात केली. पोस्टातले दादा कुठल्या कुठल्या लग्नांत वाढायला होते, हे आधी आचाऱ्यांना विचारून घेतलं. मग लातूर झालं, रेणापूर झालं, उदगीर झालं, आणि दादांच्या एका पोस्टातल्या मित्राच्या मुलीचं लग्न धर्माबादला झालं होतं म्हणून धर्माबादलाही गेले. लोक हसायचे. माळ्यावरून, कणगीमागून बुरशी धरलेल्या कॅसेटी काढून द्यायचे. अप्पा त्या पोत्यात घालून आणायचे, फीत उलगडून कापसानं पुसायचे, आणि या खुर्चीत बसून बघायचे. त्यांचा पुतण्या म्हणाला, कॉम्प्युटरवर करा, पेन ड्राइव्हमध्ये द्या. तर म्हणाले, "कॅसेटीवरनं गेलंय, कॅसेटीवरच परत आलं पाहिजे." अशी दहा वर्षं. आणि मला वाटत होतं, माणूस मला विसरून पुढचे पिक्चर काढतोय.

वहिनींनी कॅसेट आत सरकवली. काळ्या पडद्यावर आधी अप्पांचा आवाज आला. "मी बर्वे बोलतोय. आज बर्वे चोराला शोधत न्हाई. ज्यानं काहीच केलं न्हाई त्याला शोधलालाय." मग लग्नं सुरू झाली. परक्या नवऱ्या, परके नवरे, अक्षता, बँडवाले. पण चित्र दर वेळी नवरीवर न थांबता फ्रेमच्या कडेला सरकायचं, मोठं व्हायचं, आणि तिथं निळ्या रेघांच्या पंच्याचं टोक दिसायचं. एक पाठमोरा खांदा. पाठीमागे धरलेला डावा हात. वगराळ्याची दांडी. कुणाच्या तरी आत्याच्या अंबाड्याआडून अर्धा कान. अप्पांचा आवाज म्हणायचा, "उदगीर. दुसरी पंगत. हात त्यांचाच." किंवा, "हे त्ये न्हवंत. पंचा सारखा हाय, पण हा माणूस सरळ हुभं राहून वाढतो." काळा कोट नाही, काठी नाही, बर्वे कुठेच नाही... होती ती नुसती शोधणारी नजर. आयुष्यभर ज्या माणसानं बर्व्याचा एकेक दागिना उतरवला त्यानं शेवटी त्याचं शरीरसुद्धा उतरवलं आणि फक्त त्याचं बघणं ठेवलं. ते बघणं माझ्या बापाकडे लागलेलं होतं. तासभर मी दादांचे तुकडे बघत होते आणि चेहरा कुठेच नव्हता. लग्नाच्या कॅसेटीत वाढप्याचा चेहरा कोण घेतं?

शेवटी माझंच लग्न आलं. अप्पा म्हणाले, "ही कॅसेट मी पुसली. पण दोन शूटिंगांच्या मधी कॅमेरा बंद करून चालू करताना थोडी फीत सुटती. तेवढ्यात जुनं ऱ्हातं. चार सेकंद ऱ्हायलेत." पडद्यावर बर्वेबाई झालेली मी आत्याच्या पानाशी वाकले, चित्र फाटलं, मुंग्या आल्या... आणि दादा आले. समोरून. अख्खे. कपाळावर घाम, खांद्यावर पंचा, सरळ कॅमेऱ्याकडे चालत. हात पुढे करून कॅमेऱ्याच्या काचेवर ठेवायच्या बेतात असल्यासारखे. शूटिंगवाल्याला लग्नात कुणी विचारत नाही, तो सगळ्यांच्या शेवटी कोपऱ्यात जेवतो. दादांनी त्याला विचारलं होतं. आवाज खरखरत होता, पण त्यांचाच होता. "ठेवा ते खाली," म्हणाले. "जेवलात का?"

पडदा काळा झाला. मी तिथं किती रडले ते सांगत नाही. वहिनींनी रडू दिलं. दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर मी हात ठेवला आणि म्हटलं, "मी चुकले अप्पा." म्हणायला दोन वर्षं उशीर झाला होता, पण म्हटलं. मग वहिनींनी घरी नेऊन मला भाकरी आणि वरण वाढलं, आणि मी ते सगळं खाल्लं.

कॅसेट आता माझ्याकडे नांदेडला आहे. घरात व्हीसीआर नाही, भाचा म्हणतो कुठूनतरी मिळवून देतो. तोवर ती देवघराशेजारच्या फळीवर उभी आहे. तिच्या चिठ्ठीवर अप्पांनी दादांचं पूर्ण नाव लिहिलंय, आणि ते पेन्सिलीनं नाही, निळ्या शाईच्या पेनानं. इतक्या वर्षांत त्यांच्या हातचं शाईचं अक्षर मी पहिल्यांदा बघितलं. कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकची एक छोटी पट्टी असते, ती मोडली की तिच्यावर परत काही भरता येत नाही. अप्पा ती कधी मोडत नसत. या कॅसेटची त्यांनी मोडलीय. येता-जाता माझा अंगठा त्या खाचेवर जातो. आता तिच्यावर दुसरं काही येणार नाही. माझा चेहराही नाही.